हानसोलसाठी काढा

९ एप्रिल

लिही: माझं नाव प्यो मालसून. मालसून म्हणजे 'ही शेवटची'. आईला आधीच्या सगळ्या मुलीच, म्हणून मी झाल्यावर वैतागून हे नाव ठेवलं, देवाला इशारा म्हणून. देवालाही माझ्यासारखंच वाचता येत नसावं. माझ्या पाठीवर आणखी एक मुलगी झाली.

हे लिहिणारा हात माझा नाही. माझी सून थाम हिचा आहे. ती व्हिएतनामची. तिला इथलं, कोरियाचं नागरिकत्व मिळायचंय, त्याची परीक्षा थंडीच्या आत आहे. तालुक्याच्या भाषावर्गातल्या बाई म्हणाल्या, रोज एक पान दैनंदिनी लिही म्हणजे भाषा पक्की होईल. ही वही उघडून बसते आणि पेन चावते. म्हणते, "आई, माझ्या दिवसात काही होतच नाही." म्हटलं, माझ्या दिवसात होतं, ते लिही. मला सांगायची हौस आणि तुला लिहायची सक्ती. मी शाळेत गेले नाही. शाळा टेकडीपलीकडे होती आणि घरात रबरी जोडा एकच. तो भावाच्या पायात गेला.

अट एकच. मी बोलेन ते लिहायचं. शिवी दिली तर शिवी लिहायची. माझं बोलणं धुऊन वाळत घालायचं नाही.

आज सोलहून मिरानचा फोन. मिरान माझी लेक. तिचा हानसोल शनिवारी येतोय, महिना-दोन महिने राहील म्हणाली. "पाठ दुखते त्याची, दमलाय. त्याला फार विचारू नकोस, आई." मी म्हटलं, मी कशाला विचारेन? मी सांगेन, तो ऐकेल.

१२ एप्रिल

हानसोल आला. बसमधून उतरला तेव्हा ओळखलाच नाही. वाटलं, कुणाचा तरी कोट एकटाच उतरतोय. गालाचा चिमटा घ्यायला गेले तर हाताला गालच लागेना. चोवीस वर्षांचा घोडा आणि वजन कोंबडीचं.

घरात शिरल्या शिरल्या त्यानं फोन काढला आणि माझ्या योंगबेच्या हातात दिला. योंगबे म्हणजे माझा मुलगा, थामचा नवरा. समुद्रात शेवाळ पिकवतो आणि घरात मौन. "मामा, हा तुमच्याकडे ठेवा. मी मागितला तरी देऊ नका. पाया पडलो तरी." योंगबेनं फोन जाळ्यांच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. मी सगळ्यांना सांगितलं, बघा, पोरगं किती गुणी. आजकालची पोरं फोन पोटाशी धरून झोपतात.

कपडे धुवायला घेतले तर पँटच्या खिशात पारदर्शक पट्टी सापडली, वापरून दुमडलेली, नखापेक्षा थोडी मोठी. आमच्या गावात पाठीला, गुडघ्याला पट्ट्या डकवल्याशिवाय कुठली बाई झोपत नाही. पण इतकी चिमुकली? म्हटलं, "काय रे, सोलमध्ये मुंग्यांचे गुडघे दुखतात का?"

त्यानं ती माझ्या हातातून हिसकावली. हानसोलनं माझ्याकडून कधी काही हिसकावून घेतलेलं नाही. लहानपणी खाऊसुद्धा दोन हातांनी घ्यायचा. चुलीत टाकली आणि मला म्हणाला, "आजी, हात धुवा. साबणानं." थामनंही वर बघितलं तेव्हा.

१४ एप्रिल

पोरगं आजारी. नाक गळतंय, डोळे गळताहेत, जांभयांवर जांभया. खालून तापवलेल्या जमिनीवर दोन रजया घेऊन निजलाय आणि अंगावर काटा, पिसं उपटलेल्या कोंबडीसारखा. पाय झाडतो. पोटात कळ आली की गुडघे छातीशी घेतो. मी म्हटलं, ही सोलची हवा बाहेर पडतेय.

थाम म्हणाली दवाखान्यात नेऊ. तो ओरडलाच, "दवाखाना नको, मामी!" मग मला जवळ बोलावलं. हात इतका घट्ट धरला की माझी अंगठी रुतली. "आजी, थोडेच दिवस. मग उतरेल. कुणाला बोलावू नका. मला काही देऊ नका. मी मागितलं तरी देऊ नका."

मी हसले. नातू घरात तळमळतोय आणि आजीनं काही द्यायचं नाही. असली आजी कुठे मिळते ते तरी सांग, म्हटलं, मी बघून येते.

१५ एप्रिल

आता जे सांगते ते लिहिताना फक्त 'ते फूल' म्हण. नाव नको.

थाम म्हणते 'ते फूल' लिहिलं तर परीक्षेच्या बाई विचारतील कुठलं. बरं, लिही: अफू. पोलीस काय तुझं अक्षर वाचायला येणारेत?

तर गावात प्रत्येक परसात कोपऱ्यात चार झाडं असतात. असायचीच. आमच्या बेटाला पूल व्हायच्या आधी डॉक्टर बोटीनं यायचा, म्हणजे वारा म्हणेल तेव्हा. पोटात कळ आली, जुलाब लागले, गाय आडवी पडली, की बोंडांचा काढा. माझ्या नवऱ्याच्या आतड्यात गाठ झाली तेव्हा शेवटचे महिने त्यानं ह्याच काढ्यावर काढले. मेला तेव्हा कपाळावर आठी नव्हती. जिवंतपणी सतत होती. सरकार म्हणतं गुन्हा आहे. सरकारचं पोट कधी दुखत नसेल.

कोठीत गेल्या सालच्या सुक्या बोंडांची माळ टांगलेली आहे. त्यातली थोडी घेतली, उकळली, मध घातला. हानसोलला उठवून बसवलं. म्हणाला, "नको, आजी." म्हटलं, तोंड उघड, नाहीतर नाक दाबून पाजीन; तुझ्या आईला अशीच पाजायची.

एक घोट घेतला आणि थांबला. वाडग्याकडे बघत राहिला. मग सगळा काढा एका दमात प्यायला आणि वाडगं मांडीवर घेऊन रडायला लागला. आवाज न करता, नुसता पाणी गाळत. मी म्हटलं, एवढा काही कडू नाही रे.

दुपारपर्यंत गाढ झोपला. अंगावरचा काटा गेला, नाक थांबलं. थामला सांगितलं, लिहून ठेव: सोलचे डॉक्टर हरले, आजी जिंकली.

२३ एप्रिल

हानसोल सुधारला. सकाळी एक वाडगं, संध्याकाळी एक. मधे भातावर भात. लसणाच्या शेतात माझ्याबरोबर दांडे खुडायला येतो. ओक्ग्वावाली, म्हणजे आमची शेजारीण, ओक्ग्वा तिचं माहेर, कुंपणावरून म्हणाली, "ताई, हा हिरो कुठून आणला?" मी म्हटलं, तुझ्यासाठी नाही आणला, दात लावून ये आधी.

मिरानला फोन लावून घेतला. म्हटलं, पोरगं झोपतं, जेवतं, हसतं. 

"खरंच झोपतो, आई?"

"घोरतो."

"अंग दुखत नाही म्हणतो?"

"अंग कसलं दुखतंय. लसणाची पोती उचलतो."

ती रडायला लागली. "आई, तुझे उपकार कसे फेडू." मी म्हटलं, पोरं आईकडे सोडून जायचं आणि मग उपकार म्हणायचं, ही सोलची रीत का? काढ्याचं काही बोलले नाही. शहरातल्या माणसांना फुलाचं सांगायचं नसतं. जावई तर सरकारी नोकरीत, त्याला झोप येणार नाही.

६ मे

सकाळी भोंगा. आमचा गावप्रमुख रोज एका गाण्यानंतर गावाला काहीतरी सांगतो. आज: "मावश्यांनो, काकूंनो, दरवर्षीचंच आहे. ज्यांच्या परसात 'ते' आहे त्यांनी उपटा. यंदा पोलिसांकडे उडतं यंत्र आहे, वरून दिसतं. तुम्ही पकडल्या गेलात तर मला जबाब द्यावा लागतो आणि माझा रक्तदाब वाढतो."

ओक्ग्वावालीनं दोन उपटली आणि उरलेल्यांवर भोपळ्याचा वेल चढवला. मी माझी परसातल्या लोणच्याच्या रांजणांच्या ओट्यामागे आहेत तिथेच ठेवली. लाल पानकोबीची रोपं मधेमधे लावली. वरून बघणाऱ्याला कोशिंबीर दिसावी.

कोठीतली माळ बघितली. मी घेते त्याहून जास्त बोंडं कमी झाली आहेत. उंदीर असणार. उरलेल्याची एक छोटी माळ करून सोयाबीनच्या रिकाम्या रांजणात टाकली आणि वर दगड ठेवला.

पेन का थांबलं ग?

थाम म्हणते, "आई, उंदीर बोंडं खात नाहीत." लिही तेही. आता ही मला उंदीर शिकवणार.

१९ मे

फुलं उमलली. लाल, पांढरी, एक जांभळं. हानसोल सकाळपासून ओट्यावर बसून बघतो. "आजी, पाकळ्या गळल्यावर बोंड किती दिवसांनी भरतं?" मी सांगितलं. मला बरं वाटलं. सगळ्या नातवंडांत मातीची ओढ असलेला हा एकटाच.

आज ओक्ग्वावालीकडे मिरच्यांची रोपं लावायला गेले आणि यायला उशीर झाला. आले तर हा अंगणात फेऱ्या मारतोय, घामाघूम. "कुठे होतात तुम्ही? वेळेची काही शुद्ध आहे का?" आणि अंगणातली परात लाथेनं उडवली. मी म्हटलं, हो बाबा साहेब, दासी आली. काढा ठेवला. प्यायल्यावर माझ्या पायाशी बसला, पाय चेपायला लागला, म्हणाला, "आजी, माझं डोकं फिरलंय. मला मारा." मारते कशाला. पाय छान चेपतो.

२० मे

परात सरळ करून घेतली. योंगबे म्हणाला, "तो असा नव्हता." योंगबे वर्षातून दोनदा बोलतो, त्यातलं एक हे.

२८ मे

आज थामनं वही उघडली आणि पेन खाली ठेवलं. म्हणाली, "आई, आज आधी मी बोलते."

तिच्या गावी, डोंगरात, घरोघर अफू पिकायची. तिचे काका ओढायचे. मिळाली नाही की अंगावर काटा, नाक गळायचं, पाय झाडायचे. "हानसोल आला तेव्हा तसाच होता, आई. त्याला पोटदुखी नव्हती. तो काहीतरी सोडायला आला होता. ती पट्टी... तो सोडत होता, आणि आपण..." तिनं 'आपण' म्हटलं. 'तुम्ही' म्हणू शकली असती.

मला राग आला. काय बोलले तेही लिही, अट आहे ना. म्हटलं, "तुझ्या मुलखात असतील असली माणसं. आमच्यात नाहीत. आमच्या घराण्याला नावं ठेवायला तुला लेखणी दिली नाही मी."

तिनं हे सगळं खाली मान घालून, चांगल्या अक्षरात लिहिलं. शब्द अडला तिथे मलाच विचारला. मग वही मिटली.

५ जून

मधले दिवस रिकामे. वही तिच्याकडे आणि अबोला माझ्याकडे. आज मी तिच्यासाठी मासा भाजला, काटे काढून ताटात ठेवला. ती म्हणाली, "आई, मला काटे काढता येतात." मी म्हटलं, मला माहीत आहे. तिनं वही आणली.

सांगायचं ते सांगते.

पहाटे परसाकडे जायला उठले. रांजणांच्या ओट्यामागे कुणी तरी वाकलेलं. हानसोल. हातात दाढीचं पातं. एकेक बोंड दोन बोटांत धरून, अगदी हळुवार, बाळाच्या बेंबीला हात लावावा तसा, चिरत होता. पांढरा चीक आला की बोटानं पुसायचा आणि बोट तोंडात. डोळे मिटून.

माझ्या नवऱ्याला मी काढा द्यायचे. असं कधी कुणी केलेलं मी बघितलं नव्हतं. आणि तरी बघताक्षणी कळलं.

मी खोकले नाही. हाक मारली नाही. आल्या पावली घरात आले आणि भाताखाली जाळ घातला. सकाळी त्यानं वाडग्यासाठी हात पुढे केला आणि मी दिलं. थाम, लिही, मी दिलं. न देऊन काय करायचं ते मला येत नव्हतं.

७ जून

माशीसारखं काहीतरी डोक्यावर घूं करत आलं, परसावर थांबलं. ओक्ग्वावालीनं काठी उगारली. "उतर खाली, मेल्या!" दुपारी पोलीस उतरले, दोघे, गाडीतून.

पुढचा कोवळा होता, कान मोठे. आधी वाकून नमस्कार, मग चौकशी. "आजी, कोबी फार लाल दिसला वरून."

"गोड जातीचा आहे. खाऊन बघ."

"दरवर्षी सगळ्या आज्या हेच सांगतात," म्हणून हसला. झाडं उपटून पोत्यात भरायला लागले. मला भीती नव्हती. म्हाताऱ्यांना दम देतात, सही घेतात, माझा तर अंगठा, आणि जातात. ओक्ग्वावालीला गेल्या वर्षी दम देऊन गेले तसेच.

मग तो थांबला. बोंड उलटंसुलटं करून बघितलं. दुसरं बघितलं. हसू गेलं.

"आजी, ह्यांना चिरे कुणी मारले?"

हानसोल पडवीत उभा होता. तोंड चुलीतल्या राखेसारखं.

"मी," म्हटलं.

"कशानं?"

"विळीनं."

त्यानं खिशातून छोटी सुरी काढून उघडली, बोंड माझ्या हातात दिलं. "दाखवा, कसं ते." माझा हात थरथरतो, वर्षं झाली. सुरी बोंडाऐवजी माझ्या अंगठ्याला लागली. त्यानं पटकन सुरी काढून घेतली, रुमाल बांधला. हानसोलकडे बघितलं. एवढ्या उकाड्यात त्याच्या लांब बाह्यांकडे बघितलं. वाटलं आता विचारणार. हानसोल जमिनीकडे बघत राहिला.

"तुम्ही म्हणता तर तुम्हीच, आजी. तसंच लिहितो. पण ज्यानं हे चिरलं त्याला उद्यापासून काही मिळणार नाही. त्याचा उद्या कसा जाणार आहे, ते तुम्हाला माहीत आहे का?" एक कागद थामच्या हातात दिला. म्हणाला, हा नंबर पोलिसांचा नाही, माझ्या बहिणीसाठी मी इथेच फोन केला होता.

ते गेल्यावर हानसोल माझ्यापुढे जमिनीला डोकं टेकून पडला. मी म्हटलं, ऊठ, वाचलास. एवढंच सुचलं. एखाद्यानं बुडत्याच्या छत्रीचं कौतुक करावं तसं.

८ जून

पोलिसांना रांजणातली माळ सापडली नव्हती.

सकाळपासून पुन्हा तेच. काटा, नाक, पाय. ह्या वेळी ओकाऱ्याही. भिंतीवर डोकं आपटतो. मामाला म्हणाला फोन द्या, योंगबेनं किल्ली समुद्रात फेकली. खरंच फेकली, मी बघितलं, मग पेटी उचलून बोटीत घेऊन गेला. मग माझ्याकडे वळला. "आजी, थोडंसं. तुमच्याकडे आहे, मला माहीत आहे. एक वाडगं. मग पुन्हा नाही." मग, "तुम्हीच लावलीत ना सवय? आता बघत बसता?" मग पुन्हा, "आजी, मरतोय मी."

मी रांजणावरचा दगड काढला. माळ सदऱ्याखाली घेऊन स्वयंपाकघरात गेले. पाणी ठेवलं. जाळ लावला.

थाम दारात उभी होती. काही बोलली नाही. मागे बोलली तेव्हा मी काय म्हटलं ते तिच्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

मीच विचारलं, "तुझ्या काकांचं काय झालं पुढे?"

"त्यांची आई देत राहिली," ती म्हणाली. "ती रडायची आणि द्यायची. शेवटपर्यंत तिनंच दिली."

पाण्याला बुडबुडे यायला लागले होते. खोलीतून हानसोल हाका मारत होता. आजी नाही, 'आई' म्हणत होता. आपल्या आईला की मला, कोण जाणे. मी माळ थामच्या हातात दिली. म्हटलं, घेऊन जा, कुठे टाकतेस ते मला सांगू नकोस. नाहीतर मी जाऊन आणीन. ती धावत भरतीच्या दिशेनं गेली.

मग मी ते नुसतं गरम पाणी वाडग्यात ओतून खोलीत नेलं. त्यानं ओठाला लावलं, कळलं, आणि माझ्या अंगावर फेकलं. भाजलं नाही. फार उकळू दिलं नव्हतं.

थामनं परत येऊन कागदावरच्या नंबराला फोन लावला. त्या बाईनं सांगितलं, घरात असं ठेवू नका, ओकाऱ्यांनी अंगातलं पाणी जातं, दवाखान्यात न्यायला हवं. मग मिरानला लावला. ह्या वेळी मी सगळं सांगितलं. तिकडे इतका वेळ काही ऐकू येईना की थामनं दोनदा फोन हलवून बघितला.

१० जून

मिरान गाडी घेऊन आली. हानसोलला आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावलंय, तिथून उद्या सोलला नेणार. आम्ही दोघी रांजणांच्या ओट्यावर बसलो, उकरलेल्या मातीकडे बघत.

तिनं सांगितलं. सैन्यातली सक्तीची नोकरी करून आला तेव्हा पाठ खरंच दुखत होती. डॉक्टरनं दुखणं मारायच्या पट्ट्या दिल्या, अफूच्याच जातीच्या औषधाच्या. पाठ बरी झाली, पट्ट्या राहिल्या. मग ह्या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, खोटी नावं सांगून. मग मित्रांना विकायला लागला. पकडला गेला. न्यायाधीशानं तुरुंग टाळला, पण पुन्हा सापडला तर आत. तेव्हा परवा त्या पोलिसानं विचारलं असतं तर.

"मला सांगायचं तरी होतंस," मी म्हटलं.

"काय सांगू? नातू नशेबाज म्हणून? गावभर झालं असतं. तुझं तोंड बंद राहतं का?" मग म्हणाली, "आणि तू मला सांगायचं होतंस, काय पाजतेस ते."

"जावई सरकारी नोकरीत."

ती हसली. असं हसू शत्रूलाही येऊ नये. "आई, मी सगळा देश धुंडाळला मनात. म्हटलं, जिथे ह्याला काहीच मिळणार नाही अशी एक जागा कुठली? आईचं घर."

 

११ जून

गेले. गाडीच्या काचेतून त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी काय तोंड केलं असतं, तेही ठरवलेलं नव्हतं. ओक्ग्वावाली येऊन बसली, एकही चेष्टा न करता. तिनं भोपळ्याचा वेल काढून खालची झाडं स्वतःच उपटून टाकली म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

२ जुलै

पोलिसांचं पत्र आलं. थामनं वाचून दाखवलं: वय बघता ताकीद देऊन सोडण्यात येत आहे. मी म्हटलं, कुणाचं वय? एवढंच.

२७ सप्टेंबर

पूर्वजांच्या सणाला लागून थामनं आणि मी सोलच्या पलीकडे जाणारी बस धरली. व्यसन सोडणारी माणसं एकत्र राहतात असं एक घर आहे तिथे. चालवणाराही पूर्वी त्यातलाच, हातभर गोंदलेला, स्वर मात्र मावशीसारखा. म्हणाला, हानसोल बरा चाललाय. मधे एकदा पळाला होता, स्वतःच परत आला. पुढे काय, असं मी विचारलं तर म्हणाला, "आजी, इथे आम्ही आजचंच बोलतो."

हानसोल आला. गालाला चिमटा घेता येईल इतका गाल होता. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. तो वाकला, "आजी, प्रवासात त्रास नाही ना झाला?" पाहुण्याला विचारतात तसं.

मी डबा उघडला. पहाटे उठून तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची पेज केली होती, वाळूचा कण राहू नये म्हणून तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून. त्याला लहानपणी आवडायची. वाडग्यात वाढली, चमचा ठेवला, वाडगं त्याच्यापुढे सरकवलं.

त्यानं चमचा उचलला नाही. बराच वेळ वाडग्याकडे बघितलं. मग अगदी हळू, अदबीनं म्हणाला, "आजी, ह्यात काय आहे?"

एवढा जन्म मी माणसांना वाढलं. नवऱ्याला, पोरांना, शेतावरच्या मजुरांना, मेलेल्यांच्या नैवेद्याला. हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"तांदूळ," म्हटलं. "तिसऱ्या. तिळाचं तेल. मीठ."

त्यानं ऐकलं. मग माझ्याकडे न बघता थामकडे बघितलं. थामनं मान हलवली. तेव्हा त्यानं चमचा उचलला.

सगळी खाल्ली. आणखी मागितली नाही, मीही वाढली नाही.

परतीच्या बसमध्ये थाम म्हणाली, "आई, त्यानं माझ्याकडे बघितलं ते नको लिहू या." मी म्हटलं, ते तर आधी लिही. पोरगं शहाणं झालंय. एप्रिलमध्ये त्यानं असंच विचारलं असतं तर मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं असतं, "काही नाही रे, पाला आहे."